शूटवर ऊन, पाणी, थंडी आणि अजगर: नव्या मॉडेलांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरा वर्षं मी कॅटलॉग आणि जाहिरातींसाठी कॅमेऱ्यासमोर उभी राहिले, आता सहा वर्षं मुंबईत कोऑर्डिनेशन करते, म्हणजे मॉडेलांना शूटची कामं मिळवून देते. रोज एखाद्या नव्या मुलीचा किंवा मुलाचा मेसेज असतो आणि प्रश्न फिरून फिरून तेच. प्रत्येकाला व्हॉइस नोट पाठवून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून ठेवते आहे. प्री-वेडिंगवाल्यांनीही वाचायला हरकत नाही. ते तर स्वतःचे पैसे घालून हे सगळं करून घेतात.

ताई, शूटवर त्रास होतोच का?

होतोच. ज्यांना तो अजिबात नको त्यांनी दुसरी नोकरी बघावी, हे मी तोंडावर सांगते. पण त्रास आणि धोका यांची गल्लत करू नका. उंच टाचांवर चार तास उभं राहणं हा त्रास. त्याच टाचा घालून शेवाळलेल्या खडकावर उभं राहणं हा धोका. त्रासाचे पैसे ठरलेल्या मानधनात येतात. धोक्याच्या बाबतीत तीन गोष्टी आदल्या दिवसापर्यंत माहीत असायला हव्यात: हे कुणी ठरवलं, तयारी कुणी केली, आणि काही झालं तर दवाखान्याचं बिल कोण भरणार. सेटवर पोचल्यावर विचारलंत तर उत्तर एकच मिळतं, "कुछ नहीं होगा."

मे महिन्यात स्वेटर का घालायला लावतात?

कारण माल दुकानात येण्याच्या कितीतरी आधी कॅटलॉग छापून व्यापाऱ्यांच्या हातात पडावा लागतो. थंडीचे कपडे उन्हाळ्यात शूट होतात, उन्हाळ्याचे थंडीत. दिवाळीच्या जरीच्या साड्या तुम्ही भर उकाड्यात नेसणार हे धरूनच चाला.

स्टुडिओत एसी असेल तर निभतं. बाहेर असाल तर कपडा शॉटपुरताच अंगावर ठेवायचा. फोटोग्राफर लाइट बघतोय, फोकस तपासतोय, क्लायंटशी फोनवर बोलतोय, तोवर कोट खांद्यावरून खाली. "रेडी" म्हटल्यावर चढवायचा. ही सवय पहिल्याच शॉटपासून लावा. मध्येच सुरू केलीत की नखरे वाटतात. वरून स्किमर, म्हणजे ऊन गाळणारं कापड, लावायला सांगा. लाइटदादांना सांगितलं की ते लावतात, त्यांनाही ऊन लागतंच.

मुंबईच्या हवेत आणखी एक अडचण आहे. घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. म्हणून नागपूरच्या ४२ अंशांपेक्षा मुंबईचे ३६ काही वेळा जड जातात. डोकं दुखणं, मळमळ, पिंडऱ्यांत गोळे येणं इथपर्यंत आलात की सावलीत बसा, मीठ-साखरेचं पाणी घ्या. पण समोरचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, पावलं अडखळायला लागली, तर तो उष्माघात असू शकतो. अशा वेळी शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असतं. आधी १०८ ला फोन. मग कपडे सैल करून अंगावर भरपूर पाणी, जोराचा पंखा, मानेला, काखेत आणि जांघेत बर्फ. मेकअप खराब होईल म्हणून पाणी ओतायला कचरणारी माणसं मी पाहिली आहेत. आणि शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.

स्टुडिओतल्या लाइटने चेहरा भाजल्यासारखा का होतो?

आता बहुतेक ठिकाणी एलईडी आहेत, ते त्या मानाने थंड. जुने टंगस्टन लाइट शेगडीसारखे तापतात. खरं लक्ष ठेवायचं ते एचएमआयवर, म्हणजे दिवसासारखा उजेड देणाऱ्या प्रखर लाइटवर. त्याच्या पुढची काच अल्ट्राव्हायोलेट किरण अडवते. ती काच तडकलेली असेल किंवा काढून ठेवलेली असेल तर काही वेळातच उन्हात भाजल्यासारखी कातडी लाल होते, डोळे रात्री चुरचुरतात. काच फुटलेला लाइट दिसला तर तो बंद करायला सांगा, लाजू नका.

सुरतच्या कॅटलॉगला जाऊ का? एका दिवसात खूप कपडे असतात म्हणतात.

जा. पोर्टफोलिओसाठी नाही, पण हात साफ होण्यासाठी जा. एका शिफ्टमध्ये चाळीस-पन्नास साड्या मीही नेसले आहे. तिथे कुणी वाईट वागत नाही, फक्त कुणाला वेळ नसतो. साडी पूर्ण नेसवत नाहीत. निऱ्या आधीच शिवून-टाचून ठेवलेल्या असतात, त्या कमरेत खोचायच्या, पदर पिन करायचा, उभं राहायचं, तीन पोझ, पुढची. ब्लाउज तुमच्या मापाचा नसतोच. मागून त्याला कागदाला लावायचे काळे क्लिप लावतात, पाठीवर ओळीने पाच-सहा. समोरून फोटो राणीसारखा आणि पाठीमागून ऑफिसची फाइल.

या क्लिपांचे वळ दोन दिवस राहतात, त्याचं काही नाही. सेफ्टी पिनचं मात्र आहे. घाईत टाचलेली पिन कमरेला टोचली तर ती तिथल्या तिथे काढून घ्या, "पुढच्या चेंजला काढू" नको. चपलाही सगळ्यांना एकच, मोठी असेल तर पुढे कापूस कोंबतात. टाचेला फोड येण्याआधीच पट्टी लावून घ्या. फोड आल्यावर लावलेली पट्टी नुसतं समाधान देते.

आणि जेवणाची वेळ आधी विचारून घ्या. "दस साडी और, फिर खाना" ही जगातली सर्वांत लांब दहा साड्यांची गोष्ट आहे.

बर्फात शिफॉनची साडी नेसायची आहे. नायिका नेसतातच की.

नेसतात. त्यांच्यासाठी हीटर चालू ठेवलेली गाडी दहा पावलांवर असते, ती फोटोत दिसत नाही.

२०१३ सालच्या स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडच्या स्विमसूट अंकासाठी मॉडेल केट अप्टनचं शूट अंटार्क्टिकावर झालं. मुखपृष्ठ गाजलं. नंतर तिनेच टीव्हीवर सांगितलं की परत आल्यावर तिला ऐकू कमी येत होतं, दिसतही कमी होतं. ऊब टिकवण्यात शरीराची सगळी ताकद खर्ची पडली होती. ही जगातल्या मोठ्यातल्या मोठ्या मासिकाच्या शूटची गोष्ट. आपल्याकडे मनालीला चार जणांची टीम आणि एक शाल असते.

गुलमर्ग, मनाली कुठेही जा, अटी साध्या आहेत. गाडी जवळ आणि हीटर चालू. साडीच्या आत कातडीच्या रंगाचे थर्मल, पायात शॉट संपेपर्यंत बूट (पाय फ्रेममध्ये नसतील तर बूट काढायचेच नाहीत). एक शॉट दोन-तीन मिनिटांचा, मग गाडीत. वाफ फोटोत येऊ नये म्हणून शॉटच्या आधी तोंडात बर्फाचा खडा धरायला सांगतील. ती युक्ती खरी आहे, तोंड आतून गार झालं की वाफ दिसत नाही. पण ती दिवसातून किती वेळा करायची ते तुम्ही ठरवा. बोटं पांढरी पडून बधिर झाली की शूट थांबलं पाहिजे. ती चोळू नका, बर्फाने तर अजिबात नाही. कोमट पाण्यात धरा किंवा काखेत घाला. आणि अंग कापायचं आपोआप थांबलं, पण ऊब मिळालेली नाही, तर ते बरं वाटण्याचं लक्षण नसतं. लगेच डॉक्टर.

समुद्रावर, खडकावर शूट आहे. काय विचारू?

भरती कधी आहे, हे.

माझी स्वतःची गोष्ट सांगते. मुंबईतल्या मढच्या किनाऱ्यावर, कॉल टाइम (सेटवर पोचायची वेळ) पहाटे साडेचार. कपडे एका बाहेरगावच्या ब्रँडचे, टीमही बाहेरगावची, मुंबईचे आम्ही दोघंच: मी आणि लाइटदादा. मला पाण्यात शिरलेल्या एका खडकावर उभं केलं, लांब झग्यासारखा ड्रेस, अनवाणी. उजेड सुंदर होता, खोटं कशाला बोलू. फोटोग्राफर म्हणत होता, "थोडा और पीछे, बस दो कदम." खडकावर कालवं चिकटलेली, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या. दुसऱ्या पावलाला तळपाय कापला. मी बोलले नाही. लाट आली की रक्त धुऊन जात होतं, म्हणून कुणाला दिसलंही नाही. तेवढ्यात रिफ्लेक्टर धरून उभा असलेला लाइटदादा, वेसाव्याचा कोळी, त्याने रिफ्लेक्टर खाली ठेवला आणि मराठीत मला म्हणाला, "ताय, उतर आता. पानी चढतंय." फोटोग्राफर चिडला, उजेड चालला होता. दादाने त्याच्याकडे बघितलंही नाही, पाण्यात उतरून हात पुढे केला. वीस मिनिटांनी तो खडक दिसेनासा झाला.

नंतर चहा पिताना त्याने हिशेब शिकवला. कोकण किनाऱ्यावर हा सगळ्यांना येतो, आपल्यालाच येत नाही. तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, जे येईल ती पूर्ण भरतीची साधारण वेळ. त्या दिवशी द्वादशी होती: बारा त्रिक छत्तीस, भागिले चार, नऊ. म्हणजे सकाळी नऊला पूर्ण भरती, आणि आम्ही सातला खडकावर, पाणी जोरात चढत असताना. अष्टमीला सहा येतात. पौर्णिमेला सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, आणि रोजची वेळ पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. हल्ली मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक मिळतं, तेच बघा, ते नेमकं असतं. पण कालनिर्णय घरात आहेच, तर हिशेबही करून ठेवा. मी आजही कॉलशीट (शूटच्या वेळा आणि जागांचा कागद) आली की आधी तिथी बघते. टीमला वाटतं मुहूर्त बघतेय.

धनुर्वाताच्या इंजेक्शनचे पैसे मीच भरले. मानधन चार महिन्यांनी आलं.

पावसाळ्यात जुहू, अक्साच्या वाळूवर निळ्या फुग्यासारखे ब्लूबॉटल वाहून येतात. दिसायला गोड असतात, मेलेले दिसले तरी त्यांचे धागे डसतात. डसला तर चोळू नका, समुद्राच्याच पाण्याने धागे धुऊन काढा, मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग वीसेक मिनिटं धरा. अक्साचा किनारा तर बुडण्याच्या घटनांसाठी बदनामच आहे, तिथे गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊन पोझ देऊ नका.

मला पोहता येतं. मग पाण्यातल्या शूटला काय हरकत?

तुम्हाला पोहता येतं, तुमच्या घागऱ्याला येत नाही. अस्तर, कॅनकॅन (घेर फुगवणारी जाळी), जरी यांच्या आत पाणी शिरलं की बाहेर निघताना त्याचं वजन कळतं, आणि ओलं कापड पायांना गुंडाळतं. ऑगस्ट २०१२ मध्ये कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात एक नववधू लग्नाचा पोशाख घालून नदीत फोटो काढून घेत होती. पोशाख भिजून जड झाला आणि ती वाहून गेली. नोव्हेंबर २०२० मध्ये कर्नाटकात तलकाडजवळ कावेरीत प्री-वेडिंग शूट करणारं जोडपं छोट्या नावेतून पाण्यात पडलं, दोघंही बुडाले. लग्नाला काही दिवस उरले होते.

म्हणून कपड्यात लपणारं लाइफ जॅकेट किंवा कमरेला दोरी, पोहणारा माणूस पाण्यात (काठावर नाही, पाण्यात), आणि ड्रेस एका हिसक्यात सुटेल अशी शिवण. हे तिन्ही नसेल तर फोटो गुडघाभर पाण्यात काढा. चांगला फोटोग्राफर तेवढ्या पाण्यातही समुद्र दाखवतो.

तलावातलं किंवा टाकीतलं पाणी कोमट नसेल तर तासभराच्या आत अंग गारठतं. हवेपेक्षा पाणी साधारण पंचवीसपट वेगाने शरीराची ऊब ओढून नेतं. पंचवीस अंशांची हवा छान वाटते, पंचवीस अंशांच्या पाण्यात अर्ध्या तासाने ओठ निळे.

धबधबा?

जुलैत नाही. २०२४ च्या जुलैमध्ये रायगडमधल्या कुंभे धबधब्यावर रील करताना एक तरुणी सुमारे ३०० फूट खोल दरीत पडली. पावसाळ्यातल्या सह्याद्रीचं शेवाळ बुटांनाही दाद देत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरला या, तेव्हाही हिरवंच असतं.

फोटोग्राफर म्हणतो, मोठ्या मॉडेलनी याहून भयंकर केलंय. खरं आहे?

खरं आहे. आणि हेच सगळ्यांत जास्त वापरलं जाणारं वाक्य आहे, म्हणून जरा सविस्तर.

१९३९ मध्ये लिसा फॉन्साग्रिव्स नावाच्या मॉडेलने आयफेल टॉवरवर, कठड्याच्या बाहेर, एका हाताने लोखंड धरून ड्रेसचा घेर वाऱ्यावर सोडला. फोटो एर्विन ब्लूमेनफेल्डचा, फ्रेंच व्होग या फॅशन मासिकात आला. खाली सगळं पॅरिस. तो फोटो मीही भिंतीवर लावला होता. तिच्याबद्दल एक गोष्ट आपल्याला सांगत नाहीत: ती आधी नर्तकी होती. तोल हा तिचा पेशा होता. तुमच्या माझ्या बाबतीत पायऱ्या उतरतानाही मोबाइल बघायची सवय आहे.

दुसरी गोष्ट साधी आहे. तो फोटो आपल्याला माहीत आहे कारण ती पडली नाही. ज्या पडल्या त्यांचे फोटो छापत नाहीत, त्यांची पोलिस डायरीत चार ओळींची नोंद होते. म्हणून "अमुकने केलं" हा पुरावा धरायचा नाही. अमुकच्या कमरेला हार्नेस (दोरी अडकवायचा पट्टा) होता का, तिला किती वेळ दिला, किती पैसे दिले, ते विचारा. आज तर हार्नेस लावून नंतर दोरी पुसून टाकणं अर्ध्या तासाचं काम आहे. एवढं असूनही कुणी विनादोरीचं मागत असेल तर त्याला रिटचिंगचे पैसे वाचवायचे आहेत, बाकी कला वगैरे काही नाही.

साप, हत्ती, घोडा यांच्यासोबतचं शूट घेऊ का?

फोटोग्राफर रिचर्ड अ‍ॅव्हेडनने १९५५ मध्ये पॅरिसच्या सर्कशीत डोव्हिमा या मॉडेलला हत्तींमध्ये उभं केलं, अंगावर डिऑरचा गाऊन. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध फॅशन फोटोंपैकी एक. नीट बघा, हत्तींच्या पायांत साखळ्या दिसतात.

आपल्याकडचं उदाहरण तर घरचंच. १९९५ मध्ये बुटांच्या एका जाहिरातीत मधू सप्रे आणि मिलिंद सोमण फक्त बूट घालून उभे, आणि दोघांभोवती अजगर. लोकांना नग्नता आठवते, मला अजगर आठवतो. अश्लीलतेचा खटला झाला, अजगर वापरल्याबद्दल वन्यजीव कायद्याचंही प्रकरण झालं. निर्दोष सुटायला २००९ उजाडलं. एका दिवसाच्या शूटसाठी चौदा वर्षं तारखा.

भारतीय अजगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. "गारुड्याकडून आणलाय" हे उत्तर कायद्यात बसत नाही, आणि अशा सापांचे दात किंवा विषग्रंथी काढलेल्या असतात, तोंड शिवलेलंही असतं. घोडा, कुत्रा, उंट अशा पाळीव प्राण्यांसाठीही २००१ च्या नियमांनुसार प्राणी कल्याण मंडळाची आधी परवानगी लागते. कागद बघायला मागा. कागद असेल तर प्राण्याचा सांभाळणारा आणि डॉक्टरही बहुधा असतो, आणि तुमची भीती निम्मी कमी होते. घोड्याच्या मागे उभं राहू नका, एवढं तरी वरातीत शिकला असालच.

रेल्वे रुळावरचे फोटो छान येतात...

येतात. नाही. विनापरवाना रुळांवर जाणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण दंडाचं सोडा. यार्डात उभ्या मालगाडीच्या टपावर चढणारी पोरं बघते तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. तारेला हात लावावा लागत नाही, नुसतं जवळ गेलं तरी वीज हवेतून उडी मारते. शूट करायचंच असेल तर रेल्वे रीतसर परवानगी देते, पैसे भरले की स्टेशन मिळतं. हिंदी सिनेमात सतत दिसणारं आपटा स्टेशन त्यातलंच.

धूर आणि रंगांची उधळण धोकादायक असते का?

धुराचे दोन प्रकार. स्टुडिओतलं मशीन पाण्याची आणि ग्लिसरीनसारख्या द्रवाची वाफ करतं. खिडकी उघडी ठेवली, दम्याचा त्रास नसला तर चालतं. पिन ओढून धूर सोडणारे रंगीत बॉम्ब मात्र फटाकेच आहेत. नळी इतकी तापते की हात भाजतो, कपड्यावर ठिणगी पडते. ते फक्त उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, हातमोजा घालून (हातमोजा फ्रेमच्या बाहेर ठेवता येतो), आणि नायलॉन किंवा नेटच्या ड्रेसमध्ये कधीच नाही.

रंगाच्या पुडीला लोक साधी समजतात. बारीक पिठूळ पावडर हवेत दाट उडाली आणि ठिणगी मिळाली की ती पेटते. २७ जून २०१५ ला तैवानमध्ये एका वॉटर पार्कच्या पार्टीत मक्याच्या पिठाची रंगीत पावडर अशीच पेटली. १५ जण गेले, पाचशेच्या आसपास होरपळले. तापलेले लाइट, सिगारेट, फुलबाजी यातलं काहीही जवळ असेल तर पावडर उडवू देऊ नका. डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स लावून तर रंगात जाऊच नका, डोळा चोळला की बुबुळावर ओरखडा.

बॉडी पेंटने त्वचेचा श्वास कोंडतो म्हणे?

नाही, आपण नाकाने श्वास घेतो. अंगभर जाड थर असेल तर घामाची वाट बंद होते आणि उकडून चक्कर येते, एवढं खरं. मनगटाच्या आत आदल्या दिवशी थोडा रंग लावून बघा. चमकी शाळेच्या प्रोजेक्टची नको, मेकअपचीच हवी. शाळेची साधी चमकी कडांनी टोकदार असते. आणि लेन्स दुसऱ्याची, ब्रश न धुतलेला, लिपस्टिक थेट ओठांवर: तिन्ही नकोत. स्वतःची लिपस्टिक पर्समध्ये ठेवा.

फिटनेस शूटच्या आधी दोन दिवस पाणी बंद करायला सांगितलंय.

कुणी? डॉक्टरने नक्कीच नाही. कातडी स्नायूंना चिकटलेली दिसावी म्हणून पाणी तोडणं आणि लघवीच्या गोळ्या घेणं हे शरीरसौष्ठव स्पर्धांमधून इकडे आलंय. त्यात सोडियम, पोटॅशियमचं गणित बिघडतं आणि हृदयाचे ठोके चुकतात. पोटाचे सहा भाग बाजूने टाकलेल्या लाइटनेही येतात. लाइटदादाला चहा पाजा, तो आणून देतो.

माझ्या चार वर्षांच्या मुलीला जाहिरात मिळाली आहे. काय बघू?

बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या नियमांत हे स्पष्ट आहे. दिवसात पाच तासांहून जास्त काम नाही, सलग तीन तासांहून जास्त नाही, सलग २७ दिवसांहून जास्त नाही. निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यायची. मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत गेले पाहिजेत. हे नियम वाचून दाखवल्यावर कोऑर्डिनेटरचा चेहरा पडला तर दुसरा कोऑर्डिनेटर बघा. आणि तुम्ही मॉनिटरजवळ नाही, मुलाजवळ उभ्या राहा. रडणारं मूल "अजून एक शॉट" मध्ये हसत नाही, हे तुम्हाला माहीत आहे, त्यांना नाही.

कपडे बदलायला जागाच नव्हती. आडोशाला चादर धरली. हे चालतं?

व्हॅनिटी व्हॅन (कपडे बदलायची गाडी) नसेल तर गाडीच्या मागे चादर हे वास्तव आहे, मीही बदललेत. पण चादर कोण धरतंय ते तुम्ही ठरवायचं. स्टायलिस्ट किंवा मेकअपवाली, दुसरं कुणी नाही. टॉयलेट किती लांब आहे हे आधी विचारा, कारण ते नाही म्हणून मुली दिवसभर पाणी पीत नाहीत आणि मग घरी येऊन आठवडाभर जळजळ सोसतात. त्रासाच्या यादीत हे कुणी धरत नाही, खरं तर पहिलं हेच यावं.

कुणी हात लावला, नको ते बोललं, तर २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा फ्रीलान्सर स्त्रियांनाही लागू आहे. कंपनीत दहा किंवा जास्त माणसं असतील तर तिथे अंतर्गत समिती हवी, नसेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार तीन महिन्यांच्या आत.

करारात काय लिहून घेऊ? कुणी करारच करत नाही.

मग व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा. "उद्याच्या शूटबद्दल नक्की करते: मढ, पहाटे साडेचार ते दुपारी साडेबारा, खडकावरचे शॉट, इजा झाल्यास उपचाराचा खर्च प्रॉडक्शनचा. बरोबर?" समोरून "हो" किंवा अंगठा आला की पुरावा झाला. आठ तासांच्या पुढे काय दर, तेही त्यातच. न्यूयॉर्कमध्ये मॉडेलांसाठीचा कायदा १९ जून २०२५ पासून लागू झालाय, तिथे आठ तासांच्या पुढच्या कामाला जादा दर आणि जेवणाची सुट्टी कायद्याने मिळते. आपल्याकडे ते मेसेजमध्ये मिळवावं लागतं.

सेटवर नाही कसं म्हणू? परत बोलावणार नाहीत.

कधी कधी खरंच बोलावत नाहीत. मला दोन क्लायंटांनी बोलावलं नाही.

पण म्हणण्याची रीत असते. सगळ्यांसमोर, फोटोग्राफरला उद्देशून "मी हे करणार नाही" म्हटलंत की त्याच्या मानाचा प्रश्न होतो. बाजूला बोलवा, किंवा मेकअपच्या वेळी स्टायलिस्टला सांगा, ती सांगते. आणि नकारासोबत काय करू शकता तेही द्या: "कड्याच्या टोकावर नाही, दोन मीटर आत बसते, कॅमेरा खाली ठेवा, टोकावरच वाटेल." दहापैकी आठ वेळा त्याला फोटो हवा असतो, तुमचा हट्ट मोडायचा नसतो. उरलेल्या दोन वेळा चक्कर आल्याचं सांगा. खोटं आहे, पण शूट थांबतं आणि मग बोलता येतं. लाइटदादा, स्पॉटदादा, गाडीचा ड्रायव्हर यांची नावं पहिल्या तासात विचारून ठेवा. मढला मला पाण्यातून काढणाऱ्याचं नाव तोवर मी विचारलंही नव्हतं.

इजा झालीच तर?

सरकारी किंवा मोठ्या दवाखान्यात जा आणि कामावर असताना झाली हे केसपेपरवर लिहून घ्या. जागेचा, जखमेचा फोटो काढा. बिल त्याच दिवशी प्रॉडक्शनला पाठवा. आठवड्याने पाठवलेल्या बिलाला कुणी ओळख देत नाही.

पर्समध्ये काय ठेवता?

पट्ट्या, सेफ्टी पिना (स्वतःच्या, न गंजलेल्या), मीठ-साखरेची पाकिटं, बटाट्याचा चिवडा, सुती ओढणी, रबरी चपला, स्वतःची लिपस्टिक आणि काजळ, छोटी बॅटरी. आणि सतरा वर्षांपासून एक जाड सुती गाउन, बटणांचा. दोन शॉटच्या मध्ये तो घालून बसते. त्याने कपडा मळत नाही आणि कुणाची नजरही.

पाऊस पडला, वाऱ्याने सेट उडाला, शूट रद्द झालं. पैसे मिळतात?

मेकअप झाला असेल तर अर्धे मागा, लोकेशनवर पोचला असाल तरी किमान जाण्यायेण्याचा खर्च आणि काहीतरी मागाच. हे त्या वरच्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजमध्ये एका ओळीत लिहिलेलं असेल तर मिळतात. नसेल तर चहा मिळतो.